आधी ठरलेलं उत्तर आणि मग सापडत जाणारे पुरावे

चांदणवेल

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसले. विषय कन्फर्मेशन बायसचा आहे. मराठीत काही जण याला पुष्टीकरणाचा पूर्वग्रह म्हणतात. एकदा मत बनलं की त्याला दुजोरा देणाऱ्या गोष्टी तेवढ्या दिसतात, लक्षात राहतात, खऱ्या वाटतात. विरोधातल्या गोष्टी नजरेतून सुटतात, नाहीतर त्यांचाही अर्थ आपण आपल्याला हवा तसा लावतो. ही व्याख्या मला कितीतरी वर्षं पाठ होती. तरी घरात जे व्हायचं ते झालंच.

बाबा गेले आणि चार-पाच महिन्यांनी आई मंदावली. सकाळी लवकर उठायची नाही. बोलताना शब्द सावकाश यायचे, ओळखीच्यांची नावं आठवायची नाहीत. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, केस गळायला लागले होते. आम्ही तिघा भावंडांनी आमचं निदान करून टाकलं: आई खचली आहे. इतक्या वर्षांचा संसार, असं होणारच. मग पुढची प्रत्येक गोष्ट त्या निदानात आपोआप बसत गेली. झोपून राहते, म्हणजे दुःख. फोनवर बोलत नाही, म्हणजे दुःख. वजन वाढलं ते हालचाल नाही म्हणून, आणि हालचाल नाही ती दुःखामुळे. आवाज घोगरा झाला तेव्हा "रडून रडून बसलाय" असं मी स्वतः भावाला फोनवर सांगितलं. आता ते आठवलं की पोटात कालवतं, कारण त्या सगळ्या महिन्यांत मी आईला रडताना जेमतेम तीनदा पाहिलं होतं.

पुढे मावशी राहायला आली. दारातच तिने विचारलं, "ताई, तुझा आवाज असा काय झालाय?" दोन दिवस तिने आईला नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाली, "हिचं रक्त तपासून घ्या." तपासलं. थायरॉइड ग्रंथीचं काम जवळजवळ थांबलं होतं. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत आई हळूहळू पूर्वीसारखी बोलू लागली. दुःख होतंच, आजही आहे. पण दुःखाने आवाज महिनोन्महिने घोगरा राहत नाही.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा लंडनमधला १९६० चा प्रयोग अनेकांना माहीत असेल. लोकांना २-४-६ हे तीन आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात, तो नियम शोधा. तुम्ही तुमचे तीन आकडे सांगायचे, नियमात बसतात की नाही ते मी सांगेन. बहुतेकांच्या मनात लगेच "दोन-दोनने वाढणारे सम आकडे" आलं. मग ८-१०-१२ विचारलं, उत्तर "बसतात". २०-२२-२४, "बसतात". दर "बसतात"बरोबर खात्री वाढत गेली. खरा नियम होता "चढत्या क्रमाने येणारे कोणतेही तीन आकडे". १-२-७ किंवा ६-४-२ विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी आधी चुकीचं उत्तर न देता नियम ओळखला.

हे वाचताना मला आमचं घर दिसत होतं. "आई आज उदास आहे का?" हा प्रश्न आम्ही रोज एकमेकांना विचारत होतो आणि उत्तर रोज "हो" येत होतं. आम्ही हट्टी नव्हतो, निष्काळजी तर अजिबात नव्हतो. आम्ही प्रश्नच असा निवडला होता की उत्तर चुकलं तरी आम्हाला पत्ता लागू नये. माझ्या मते या दोषाचं मूळ तिथे आहे, प्रश्नाच्या निवडीत.

तुमच्या कामात, घरात हे कसं घडतं? आणि त्यावर खरोखर उपयोगी पडलेलं काही आहे का? "मन मोकळं ठेवा" यापलीकडचं काहीतरी हवं आहे.

आडवाट

फार मनापासून लिहिलंय. आईंना आता बरं आहे हे वाचून हायसं वाटलं.

आपल्याकडे "कावळा बसायला आणि फांदी तुटायला" अशी म्हण आहे. मी विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना नेहमी हीच म्हण घेतो आणि फळ्यावर चार घरं आखतो. कावळा बसला, फांदी तुटली. कावळा बसला, फांदी तुटली नाही. कावळा नव्हता, तरी तुटली. कावळा नव्हता, तुटलीही नाही. कावळ्याचा फांदीशी संबंध आहे का हे चारही घरांत आकडे भरल्याशिवाय सांगताच येत नाही. आपल्या आठवणीत मात्र एकच घर भरलेलं असतं, पहिलं. बाकीच्या तीन घरांत काही घडल्यासारखं वाटतच नाही, मग ते आठवणार कसं?

सांधे दुखले की पाऊस येणार, असं जगभर मानतात. डोनाल्ड रेडेलमायर आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९९६ मध्ये याचा छडा लावला. संधिवाताच्या १८ रुग्णांच्या दुखण्याची नोंद १५ महिने ठेवली आणि ती हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली. बहुतेक रुग्णांचा या संबंधावर ठाम विश्वास होता. नोंदींत तो जवळजवळ शून्य निघाला. दुखणं खरं होतं, पाऊसही खरा होता. ज्या दिवशी दोन्ही एकत्र आले ते दिवस स्मरणात राहिले, एवढंच.

फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये याच दोषावर लिहिताना एक जुनी गोष्ट दिली आहे. देवळात लावलेली चित्रं एका माणसाला दाखवतात: हे सगळे नवस बोलले आणि जहाज फुटूनही वाचले, आता तरी मानतोस का? तो विचारतो, नवस बोलून बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? चारशे वर्षं झाली, दुसरं घर याहून नेमकं मला कुणी दाखवलेलं नाही.

शून्यलब्धी

धागा आवडला, पण वेसनच्या प्रयोगातून काढलेल्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही.

क्लेमन आणि हा या दोघांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की "माझ्या अंदाजात बसणारं उदाहरण घेऊन पाहतो" ही रीत मुळात वाईट नाही. उलट बहुतेक वेळा तीच सर्वांत कामाची असते. एखाद्या यंत्रात बिघाड कुठे आहे याचा अंदाज आला तर मी तोच भाग आधी उघडेन. अंदाज चुकला असेल तर तिथे बिघाड सापडणार नाही, म्हणजे माझ्या मताला धक्का बसण्याची सोय त्यातच आहे. २-४-६ मध्ये पंचाईत होते ती खरा नियम आपल्या अंदाजापेक्षा खूप व्यापक असल्यामुळे. तिथे अनुकूल उदाहरण कधीच चुकत नाही. म्हणजे तो प्रयोग लोकांच्या नेहमीच्या सवयीला नेमका अडचणीत आणेल अशा बेताने रचला होता.

तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र परिस्थिती तशीच होती, हे मान्य. "दुःख" हे स्पष्टीकरण इतकं ऐसपैस आहे की काहीही त्यात मावतं. जास्त झोपली तरी दुःख, झोप उडाली तरी दुःख. जे स्पष्टीकरण कशालाच "नाही" म्हणत नाही, त्याच्याबद्दल सावध राहायला हवं.

आडवाट यांच्या चार घरांवरून एक प्रसंग आठवला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं, सातही अंतराळवीर गेले. थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या नीट काम करणार नाहीत अशी भीती आदल्या रात्री काही अभियंत्यांनी मांडली होती. चर्चेत कड्यांना इजा झालेली उड्डाणंच तेवढी डोळ्यांसमोर होती, आणि ती थंडीतलीही होती, उबेतलीही. त्यामुळे तापमानाचा संबंध ठळक दिसला नाही. इजा न झालेली उड्डाणं शेजारी मांडली की चित्र पालटतं. चौकशी आयोगाच्या अहवालात ते आहे: ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये त्रास, आणि ६३ किंवा कमी असलेल्या चारही उड्डाणांत त्रास. त्या सकाळी तापमान याहून कितीतरी खाली होतं. तिथे वेळापत्रकाचा आणि वरून येणारा दबावही होता, सगळं खापर एका मानसिक दोषावर फोडणं चूक ठरेल. पण रिकामी घरं कुणी भरली नाहीत हे खरं.

चांदणवेल

शून्यलब्धी, "कशालाच नाही म्हणत नाही" हे मी लिहून ठेवते आहे. प्रयोगाबद्दलचा मुद्दाही पटला. मी त्यातून जरा जास्तच अर्थ काढला होता, कदाचित तो माझ्या गोष्टीशी जुळला म्हणूनच.

राखाडी छटा

मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसाचे आठ-दहा तास एक्स-रे आणि स्कॅन वाचण्यात जातात. प्रत्येक तपासणीबरोबर एक चिठ्ठी येते: "ताप, खोकला, न्यूमोनिया वाटतो". ही चिठ्ठी आवश्यक असते, कारण कुठे बघायचं ते तिच्यामुळे कळतं. पण ती वाचली की डोळे तिच्या बाजूने काम करू लागतात. उजव्या फुफ्फुसात खाली एक पुसट डाग असेल तर "न्यूमोनिया" वाचल्यावर तो ठळक होतो. आणि तो सापडला की शोध संपल्यासारखं वाटतं, हे आणखी धोक्याचं. दुसरी गोष्ट कोपऱ्यात तशीच राहून जाते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडून असं झालं. विचारलेलं सापडलं, मी समाधानाने अहवाल लिहिला, आणि त्याच चित्रात खांद्याच्या हाडावर दिसणारी गोष्ट मला दिसली नाही. पाच महिन्यांनी दुसऱ्या कारणाने तपासणी झाली तेव्हा ती दुसऱ्याच कुणाच्या नजरेला पडली. मी जुनं चित्र काढून पाहिलं. होती, स्पष्ट होती. त्यानंतर मी पद्धत बदलली. आधी चिठ्ठी न वाचता पूर्ण चित्र पाहतो आणि दोन ओळी लिहून ठेवतो. मग चिठ्ठी वाचून पुन्हा पाहतो. वेळ जास्त लागतो. रोज जमतंच असं नाही, गर्दीच्या दिवशी तर नाहीच. पण लिहिलेल्या त्या दोन ओळी पुसता येत नाहीत, हा त्यातला खरा फायदा.

बोटांच्या ठशांचंही असंच आहे. ११ मार्च २००४ ला माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. एका पिशवीवर सापडलेला ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाशी जुळतो असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी सांगितलं. स्पॅनिश पोलीस जुळत नाही म्हणत होते, तरी त्याला अटक झाली. पुढे तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला, वकिलाची सुटका झाली आणि एफबीआयने माफी मागितली. नंतरच्या चौकशीत लक्षात आलं की वकिलाचा ठसा पाहून झाल्यावर तज्ज्ञांना मूळच्या अस्पष्ट ठशात त्याच्याशी जुळणाऱ्या खुणा "दिसू" लागल्या होत्या.

यावरून इटिएल ड्रॉर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना ठशांची एक-एक जोडी दिली आणि सांगितलं, ही माद्रिद प्रकरणातली चुकीची जुळणी आहे. प्रत्यक्षात ती त्या-त्या तज्ज्ञाने काही वर्षांपूर्वी स्वतःच "जुळते" म्हणून दिलेली जोडी होती. पाचांपैकी तिघांनी आता "जुळत नाही" सांगितलं, एकाला ठरवता येईना, एकटाच आपल्या जुन्या मतावर राहिला. ठसा तोच, डोळे तेच. बदललं होतं ते फक्त आधी कानावर पडलेलं वाक्य.

नवी पालवी

सगळे प्रतिसाद वाचतेय. मला वाटतं, एकदा मत पक्कं झालं की पुराव्यांचा काही उपयोग होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. उलट विरोधातला पुरावा दाखवला की माणूस आणखी घट्ट होतो, असं संशोधनही आहे ना? मग बोलायचं तरी कशाला?

वाटाड्या

मला या चर्चेतली एक गोष्ट खटकते आहे, ती मांडतो. आपण जणू असं धरून चाललो आहोत की नवा पुरावा आला की मत बदलणारा माणूस शहाणा आणि न बदलणारा पूर्वग्रहदूषित. हे इतकं सरळ नाही. भरपूर आधार असलेल्या मताविरुद्ध एखादी गोष्ट आली तर आधी त्या गोष्टीवर शंका घेणं योग्यच असतं.

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंत गेलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचले. जगातल्या बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नाही. हा कन्फर्मेशन बायस होता का? प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही या आइन्स्टाइनच्या सिद्धांताचे शंभर वर्षांचे पुरावे एका बाजूला आणि एक मापन दुसऱ्या बाजूला असताना शंका घेणं मला तरी रास्तच वाटतं. पुढच्या वर्षी कळलं की प्रकाशतंतूची एक केबल नीट बसलेली नव्हती.

मला त्या शास्त्रज्ञांचं वागणं फार मोलाचं वाटतं. त्यांनी "आम्ही आइन्स्टाइनला खोटं पाडलं" अशी द्वाही फिरवली नाही. आम्ही महिनोन्महिने चूक शोधली, सापडली नाही, तुम्ही शोधा, असं म्हणून सगळं उघड्यावर ठेवलं.

याच्या उलट रेने ब्लाँडलो. १९०३ मध्ये नान्सीच्या या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाने एन-किरण शोधल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत एक मंद प्रकाश किंचित वाढतो, तो डोळ्यांनी टिपायचा, हा पुरावा. इतर अनेकांनाही ते किरण दिसू लागले. १९०४ मध्ये रॉबर्ट वुड हा अमेरिकन शास्त्रज्ञ प्रयोग पाहायला गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला महत्त्वाचा लोलक गुपचूप काढून घेतला. निरीक्षणं पूर्वीसारखीच येत राहिली. ब्लाँडलो लबाड नव्हता. त्याला ते दिसत होतं. मनी वसे ते अंधारात दिसे, असं झालं.

दोन्हीकडे माणसं हुशार आणि प्रामाणिक. माझं म्हणणं इतकंच की मत घट्ट आहे की सैल, यावरून काही ठरत नाही. लोलक काढून पाहण्याची मुभा दुसऱ्याला दिली आहे का, ते पाहावं.

टिपणवही

नवी पालवी, तुम्ही म्हणता तो "उलटा परिणाम" २०१० मध्ये नायहन आणि राइफलर यांच्या अभ्यासात दिसला होता आणि त्याचा खूप गाजावाजा झाला. पण थॉमस वुड आणि एथन पोर्टर यांनी ५० हून अधिक मुद्द्यांवर तो पुन्हा तपासला, २०१९ मध्ये ते छापून आलं, आणि तो जवळजवळ कुठेच सापडला नाही. चूक दुरुस्त करून सांगितली की लोक बहुतेकदा थोडे तरी सरकतात. तेव्हा बोलत राहा. उलट्या परिणामाची गोष्ट इतकी पसरली ती आपल्या सर्वांच्या मनातल्या "लोक ऐकतच नाहीत" या समजुतीला ती छान जुळत होती म्हणून, असं मला वाटतं.

मात्र शिक्षणाने किंवा हुशारीने यातून सुटका होते, या भ्रमात राहू नये. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हजाराहून अधिक अमेरिकी लोकांना आकड्यांचा एकच तक्ता दिला. काहींना सांगितलं, हे त्वचेच्या मलमाचे आकडे आहेत; काहींना सांगितलं, बंदुकांवरच्या निर्बंधांचे. मलम असताना गणित चांगलं असलेल्यांना अचूक निष्कर्ष काढता आला. बंदुकांचा प्रश्न आला की त्याच गणिती लोकांत राजकीय मतांनुसार सर्वांत मोठी दरी पडली. उत्तर मनासारखं दिसलं की ते पहिल्या नजरेवर थांबत. मनाविरुद्ध दिसलं की खोलात जाऊन गणित करत. बुद्धी जास्त, म्हणजे आपल्या बाजूचा वकील जास्त तयारीचा.

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण पुराव्यांनाही लागू पडते. आपल्या बाजूचा पुरावा आला की आपण विचारतो, "हे मानता येईल का?" विरुद्ध बाजूचा आला की विचारतो, "हे मानावंच लागेल का?" पहिल्या प्रश्नाला हो म्हणणं फार सोपं असतं.

पारिजात

मी गेली अकरा वर्षं मुलाखती घेते. सांगायला जड जातं, पण पहिल्या दोन-तीन मिनिटांत मत बनतं आणि उरलेला वेळ त्या मताची सेवा करण्यात जातो. उमेदवार आवडला असेल तर मी विचारते, "तुम्ही केलेलं एखादं अवघड काम सांगा ना." नाही आवडला तर, "दबावाखाली तुमचं काय चुकतं?" दोघेही प्रामाणिक उत्तर देतात. पहिला कर्तबगार दिसतो, दुसरा डळमळीत. आणि मला वाटतं, माझी पारख बरोबर होती!

स्नायडर आणि स्वान यांचा १९७८ चा अभ्यास वाचला तेव्हा मी ओशाळले. समोरची व्यक्ती बोलकी आहे का हे तपासा असं सांगितलेले लोक "समारंभात रंग भरायला तुम्ही काय करता?" अशा धर्तीचे प्रश्न निवडत होते. अबोल आहे का ते तपासा म्हटलं की प्रश्न उलटे. अशा प्रश्नांना उत्तर देताना कुणीही थोडं-थोडं तसंच दिसणार. चांदणवेल यांनी प्रश्नाच्या निवडीबद्दल जे लिहिलं ते इथे शब्दशः खरं आहे, फक्त इथे समोरच्या माणसाचं आयुष्य आपण आपल्या प्रश्नाने घडवत असतो. ज्यांना मी नाकारलं ते दुसरीकडे कसे निघाले, हे मला कधीच कळत नाही. माझं ते घर कायम रिकामं.

आता आम्ही सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतो, आणि आपसात एक शब्दही बोलायच्या आधी प्रत्येक जण आपले गुण कागदावर लिहितो. यांत्रिक वाटतं. काही सहकाऱ्यांना तो त्यांच्या अनुभवाचा अपमान वाटला. पण पूर्वी वरिष्ठ "ठीक वाटला" म्हणाले की आम्ही चौघेही ठीक म्हणायचो, ते थांबलं.

दौत

उपायांबद्दल थोडं.

डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो लगेच टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात हे त्याला अनुभवाने कळलं होतं. "लगेच" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळपर्यंत थांबलं की मनाने त्या गोष्टीला सांभाळून घेतलेलं असतं. चांदणवेल, "आवाज घोगरा" हे त्या दिवशी कुणी कागदावर कारण न लिहिता नुसतं टिपलं असतं, तर पुढे ते खटकलं असतं.

दुसरं, लॉर्ड, रॉस आणि लेपर यांच्या अभ्यासाचं. १९७९ मध्ये त्यांनी मृत्युदंडाबद्दल ठाम मतं असलेल्या ४८ विद्यार्थ्यांना, निम्मे बाजूचे, निम्मे विरोधातले, दोन अभ्यास वाचायला दिले: एक मृत्युदंडाने गुन्हे कमी होतात म्हणणारा, एक होत नाहीत म्हणणारा. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास काटेकोर वाटला, दुसरा सदोष, आणि शेवटी दोन्ही गट आपापल्या मतावर आणखी पक्के झाल्याचं सांगू लागले. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. १९८४ चा पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्यात काहींना "शक्य तितके निष्पक्ष राहा" असं बजावलं. काही फरक पडला नाही. इतरांना सांगितलं, प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा: हाच अभ्यास, अशाच पद्धतीने केलेला, पण निष्कर्ष उलटा आला असता तर मी त्याला हेच गुण दिले असते का? यांचा कल खरोखर कमी झाला. "मन मोकळं ठेवा"ने का भागत नाही, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. निष्पक्ष तर आपण आहोतच, असं प्रत्येकाला वाटतच असतं.

अवांतर: चर्चेत मुद्दाम विरोधी बाजू मांडायला कुणाला तरी नेमण्याची रीत जुनी आहे. संतपद देण्याआधी आक्षेप घेणारा अधिकारी कॅथलिक चर्चमध्ये १५८७ पासून होता, १९८३ मध्ये ते काम फार कमी केलं गेलं. पण शार्लन नेमेथ यांच्या अभ्यासात असं दिसलं की नेमून दिलेल्या विरोधकापेक्षा ज्याला खरोखर वेगळं वाटतं असा एक माणूस जास्त कामाचा असतो. लटका विरोध ऐकून लोक "चला, दुसरी बाजूही ऐकून झाली" असं समाधान करून घेतात. त्यामुळे वेगळं वाटणाऱ्याला बोलू देणं, आणि बोलल्यावर त्याची गत वाईट न होऊ देणं, हे कुठल्याही युक्तीपेक्षा अवघड आणि गरजेचं.

राखाडी छटा

दौत, सहमत. एक भर घालतो. मावशींना ते का दिसलं? त्यांना वैद्यकशास्त्र जास्त येत होतं म्हणून नाही. त्यांनी मधले महिने पाहिले नव्हते. घरातल्यांना आवाज रोज रत्तीरत्तीने बदलताना ऐकू आला आणि प्रत्येक रत्तीला एक कारण मिळत गेलं. त्यांना एकदम पूर्ण फरक ऐकू आला. आमच्याकडे अवघड चित्र ज्याने रुग्णाबद्दल काहीच ऐकलेलं नाही अशा सहकाऱ्याला दाखवतो, ते यासाठीच.

कोवळं ऊन

पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. एक विचारू का? चांदणवेल, तुम्ही लिहिलंय की "आई आज उदास आहे का" हा प्रश्न तुम्ही भावंडं एकमेकांना विचारत होता. आईंना स्वतःला काय होतंय असं वाटत होतं? त्यांना कुणी विचारलं होतं का?

चांदणवेल

कोवळं ऊन, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला आणि बराच वेळ तसाच उघडा ठेवला. मला उत्तर माहीत नव्हतं.

संध्याकाळी आईजवळ बसले आणि विचारलं. ती म्हणाली, "मला सारखी थंडी वाजायची. अगदी हाडांत. दोनदा सांगितलं होतं तुला." मला आठवेना. मी म्हटलं, मग मी काय केलं? ती म्हणाली, "तू पांघरूण आणून घातलंस आणि जवळ बसून राहिलीस."

शून्यलब्धी, आडवाट, राखाडी छटा, सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. २-४-६ चं कोडंही घातलं. तिने पहिल्याच वेळी ५-३-१ विचारलं.